भिंतीवर थांबलेला रविवार

सासूबाईंना वार आठवेनासे झाले, तेव्हा पुण्याच्या धाकट्या दिरानं आमच्या स्वयंपाकघरात एक पाटी लावली. इलेक्ट्रॉनिक कागदाची. टीव्हीसारखी चमकत नाही, छापल्यासारखी दिसते. तो तिकडून मोबाइलवर लिहायचा आणि इथं ठळक अक्षरं उमटायची : आज सोमवार. वहिनी कामावर गेल्यात. गोळी घे. एकदा चार्ज केली की महिनोन्‌महिने बघायला नको, असं सांगून तो गेला.

आईंचा आमच्यापेक्षा पाटीवर विश्वास बसला. मी अंबडला कंपनीत निघताना काही सांगितलं, की आधी पाटीकडे बघून खात्री करायच्या.

थंडीतल्या एका सोमवारी कंपनीत शेजारणीचा फोन आला. आई बस स्टॉपजवळ पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात मला बघताच म्हणाल्या, "धाकला यायचा व्हता जेवायला. लय वाट पाह्यली. मंग म्हटलं, स्टॉपवर जाऊन बघावं."

"आई, भाऊजी काल रविवारी येऊन गेले की!"

"तुला काय ठावं? तिथं लिव्हलंय."

कपडे न्यायला घरी आले, तर ओट्यावर भाकरींची चवड, पातेलंभर वांग्याची भाजी. पाटीवर लिहिलेलं : आज रविवार. दुपारी जेवायला येतोय. बटण दाबून पाहिलं, अक्षर हललं नाही.

दिराला फोन केला. आईला सगळं ताजं दिसावं म्हणून त्यानं पाटी सारखी बदलत राहील असं करून ठेवलं होतं. त्यात बॅटरी रविवारीच संपली.

"मग पाटी कोरी का नाही झाली?"

"कोरी होत नाही, वहिनी. शेवटचं लिहिलेलं तसंच राहतं."

तो त्याच संध्याकाळी आला. आईचा हात धरून म्हणाला, "आई, पाटी चुकली. मी रविवारी आलो होतो. आपण जेवलो एकत्र."

आईंनी हात सोडवून घेतला. "पाटी कशाला खोटं बोलंल? तूच नाय आला."

ऑपरेशन झालं, पण आई अंथरुणातून उठल्या नाहीत. होळीच्या आधीच गेल्या.

दीर अजूनही येतो. आला की बाहेरच्या खोलीत बसतो, स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. ताट तिथंच मागतो.