दहापासून सुरू होणारा पत्ता

घाटकोपरच्या एका रुग्णालयात क्षमा एक्स-रे काढायची. वडील दत्ताराम मुलुंडला एकटे राहत. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून घर चालवलेला माणूस. मदतीचं नाव काढलं की चिडायचे. आई गेल्यावर क्षमाने भांडूनच त्यांच्या स्वयंपाकघरात कॅमेरा बसवून घेतला.

रविवारी दुपारी तिने पहिल्यांदाच स्वतःच्या घरून तो बघायचं ठरवलं. बसवणाऱ्याने सांगितलेला, दहापासून सुरू होणारा आकडी पत्ता लॅपटॉपवर टाकला, कॅमेऱ्याबरोबर आलेला पासवर्ड दिला. चित्र उमटलं. ओट्याखाली एक म्हातारा पालथा पडला होता. तोंड दिसत नव्हतं, एक हात तेवढा हलत होता.

तिने फोन लावला. रिंग वाजतच राहिली.

"काय गो?"

"बाबा! कुठे आहात तुम्ही?"

"हंयच, ओट्याकडे. भाजी चिरतंय. रडतस कित्याक?"

बाबा धडधाकट होते! पण समोर तो माणूस अजून तसाच पडलेला. मग हा कोण?

तिने इंटरनेट कंपनीला फोन केला. नंदकुमार नावाचे इंजिनियर बोलले. "शक्यच नाही मॅडम. दहाचे पत्ते खासगी असतात. ते घरातल्या घरात चालतात, बाहेर जातच नाहीत."

"अहो, माणूस पडलाय! कोणाचं घर आहे ते बघा ना आधी!"

त्यांनी पूर्ण पत्ता विचारून घेतला. "थांबा. तुमच्या राउटरला तो पत्ता घरात सापडला नाही, म्हणून त्याने आमच्याकडे ढकलला. आम्ही तो आमच्या हद्दीबाहेर सोडत नाही. पण आतमध्ये आम्हीही गिऱ्हाइकांना दहाचेच पत्ते देतो. तोच नंबर आमच्या दुसऱ्या कोणाचा तरी असणार, कॅमेराही त्याच कंपनीचा आणि बरोबर आलेला पासवर्ड न बदललेला." कीबोर्डची खटखट ऐकू आली. "मालाड. चंद्रप्रकाश म्हणून आहेत. आमचा माणूस तिकडेच आहे, धाडतो."

"त्यांना म्हणावं, ओढून बसवू नका. पाय हलवू नका. आधी अँब्युलन्स बोलवा."

क्षमा पडद्यावरून नजर हलवेना. हात हलायचा थांबला तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "काका, आले हो, आलेच!" मग दारातून माणसं आत शिरली. एका बाईने वाकून काहीतरी विचारलं आणि त्या माणसाने मान हलवली. क्षमाने लॅपटॉप मिटला आणि मनसोक्त रडून घेतलं.

संध्याकाळी नंदकुमारांचा फोन आला. हाड शाबूत होतं, नुसता मुका मार. एका गिऱ्हाइकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात पोचणारी ती वाट त्यांनी बंदही करून टाकली होती. "आधीच करायला हवी होती," ते ओशाळून म्हणाले.

आठवड्याने एक अनोळखी नंबर वाजला. आवाज थकलेला, पण खुशीतला.

"मी चंद्रप्रकाश. तुम्ही मला बघितलंत, मी तुम्हाला नाही. हा काही न्याय नाही हं. चहाला या एकदा."