साहेबांच्या देशचं पाणी

मी आयुष्यात एकदाच दारू प्यालो, आणि तीही घरच्या ओसरीवर, पाटावर मांडी घालून, सख्ख्या आत्याच्या हातून.

त्याचं असं झालं. लढाई ऐन भरात होती. प्रवरेच्या कालव्याच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या एका साखर कारखान्यात मी हंगामी कारकून होतो. हंगामी म्हणजे ऊस आला की आमची नोकरी सुरू, ऊस संपला की आमचंही चिपाड! राहायला दोन खोल्या होत्या, पण त्याही हंगामीच. दर उन्हाळ्यात मी बायको, दोन पोरं, आत्या आणि भांडीकुंडी बैलगाडीत घालून कोल्हारला सासऱ्यांच्या दारात उभा राहायचो. सासरे "या, या" म्हणत. पुढल्या वर्षी नुसतं "या" झालं. चौथ्या वर्षी त्यांनी फक्त मान हलवली. पाचव्या वर्षी ते काय हलवतील याच्या काळजीने मला झोप येत नव्हती.

अशात बातमी आली की स्टोअरच्या पाच हंगामी कारकुनांपैकी एकाला कायम करणार, आणि ते ठरवणार बडे इंजिनियर साहेब. हे साहेब पोलंडचे. त्यांचं नाव उच्चारायला कारखान्यात कुणाचीच जीभ वळत नसे, म्हणून सगळे नुसतं 'साहेब' म्हणत. (पाठीमागे 'बगळा' म्हणत. उंच, पांढरेफटक, आणि तासन् तास पाटाच्या पाण्यात उभे राहून पंप न्याहाळायचे.) बाकीचे चार कारकून साहेबांना जाऊन भेटून आले. मीही तीनदा गेलो. एकदा त्यांची खिडकी लावून आलो, एकदा "गुड मॉर्निंग" म्हणालो, आणि तिसऱ्यांदा त्यांनी "येस?" म्हणताच "नो, नो" म्हणून परत आलो.

शेवटी मला दाविद फिटरने हात दिला. दाविद आत्ताच्या श्रीरामपूरकडच्या ख्रिस्ती वस्तीतला, साहेबांच्या हाताखालचा आणि माझा जिवाभावाचा मित्र.

"भाऊसाहेब, येक सांगू का?" तो म्हणाला. "आठ दिसांनी नाताळची आदली सांज. साहेब येकलाच बंगल्यात बसतोय बगा. बायकापोरं तिकडं लढाईत अडकल्यात. दोन वर्सं झाली, कागूद न्हाई. तुमी त्याला जेवायला बोलवा की!"

"अरे, पण आमच्यात मांस-मच्छी..."

"त्या सांजंला त्येंच्यात मटान चालतच न्हाई. साहेब सोताच बोलला हुता मागं."

"मग झालंच की!"

"झालं कसं? पेल्याचं काय? साहेब लोकास्नी जेवनाआदी पेला लागतो. त्येंच्या मुलखात व्होडका म्हनत्यात. फळाच्या रसात घालत्यात आन् येका दमात पित्यात. पेला न्हाई तर सन कसला?"

"तू पाहिलंयस?"

"म्या कुटनं बगनार? आमच्या मिशनात दारूचं नाव काढलं तर पाळकसाहेब तीन रविवार त्येच्यावरच बोलत्यात!"

म्हणजे ज्याने दारू पाहिली नव्हती त्याचा सल्ला, आणि ज्याने वासही घेतला नव्हता तो ती पाजणार! पण नोकरीची गरज माणसाला शूर करते. माझा एक मावसभाऊ नगरच्या लष्करी कॅन्टीनमध्ये कारकून होता. तिथल्या गोदामात कुणी न विचारलेली एक बाटली धूळ खात पडलेली निघाली. ती धोतरात गुंडाळून, वर हरभऱ्याचे घाटे पसरून टोपलीतून माझ्यापर्यंत पोचली. बाटलीवर कुणालाच न लागणारी अक्षरं आणि आत नितळ पाणी. हलवून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं, आणि मागे वळलो तो आत्या!

"काय रे दत्तू, कसली बाटली?"

इथे आत्याबद्दल सांगायला हवं. पटकीच्या एका साथीत तिच्या घरातली दोन माणसं तीन दिवसांत गेली होती. डॉक्टर म्हणाले, पाणी उकळलं असतं तर वाचली असती. तेव्हापासून ती दिसेल ते उकळत असे. काशीहून कुणी गंगा आणली तर तीही उकळून मगच देव्हाऱ्यात गेली. आम्ही हसायचो, पण माझी दोन्ही पोरं त्या भागात धडधाकट राहिली ती या बाईमुळेच, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

"दारू" म्हणालो असतो तर आत्याने तिथल्या तिथे मला, बाटलीला आणि साहेबांना घराबाहेर काढलं असतं. मी म्हणालो, "साहेबांच्या देशचं पाणी आहे, आत्या. त्यांच्या सणाला लागतं. फळांच्या रसात घालायचं असतं."

"इतक्या लांबचं पाणी?"

"हो ना. म्हणून तर बाटलीत भरलंय!"

आपल्याला किती चटकन सुचलं याचा मला इतका आनंद झाला की पुढचा विचार मी केलाच नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी कामावर जाताना मी सौभाग्यवतीला बजावलं, "मोसंबी, संत्री आणि डाळिंबाचा रस काढून ठेवा. बाटलीला मात्र हात लावू नका. ते मी स्वतः आल्यावर करीन." साहेबांनी आमंत्रण एका शब्दात स्वीकारलं होतं. (ते मी दाविदच्या हातून पाठवलं होतं, हे ओळखलं असेलच.) संध्याकाळी घरी पोचतो तो ओसरी सारवलेली, रांगोळी काढलेली, आणि मधोमध तांब्याच्या घागरीत तांबूस, दाट, वाफाळतं काहीतरी भरलेलं. शेजारी आत्या. तिचा चेहरा मला जरा वेगळा वाटला. नीट पाहिलं तर डावी भुवई जागेवर नव्हती.

"आत्या, भुवईला काय झालं?"

"चूल भडकली मेली. तू हातपाय धू. सरबत करून टाकलंय मी."

"आणि बाटली?"

"घासूनपुसून तिच्यात रॉकेल भरून ठेवलं. झाकण छान घट्ट बसतं हो!"

"आतलं पाणी? सगळं घातलंस?"

"सगळं. एक थेंब वाया घालवला नाही. वास मात्र बरा नव्हता हो त्याला! म्हणून बेदाणे, सुके अंजीर, जर्दाळू, लवंगा, दालचिनी, सुंठ, होतं नव्हतं ते टाकलं."

 अख्खी बाटली! दाविद म्हणाला होता, पेल्यात दोन चमचे घातली तर माणूस गातो. इथे तर माझी आत्या घरभर वाटायला बसली होती! सौ.ला मी कोपऱ्यात नेऊन खरं सांगितलं.

"अगं बाई!" ती तोंडावर हात ठेवून म्हणाली. "आणि आता?"

"आता पोरांना देऊ नका. तुम्ही घेऊ नका. आत्याला तर मुळीच नको."

"आणि तुम्ही?"

"मला घ्यावीच लागेल. पाहुण्याला एकट्याला पाजणं बरं दिसत नाही," मी लढाईवर निघालेल्या माणसाच्या आवाजात म्हणालो.

दिवेलागणीला साहेब आले, बरोबर दाविद. साहेब अंगणात उभे राहून आकाशाकडे पाहत राहिले. पहिली चांदणी दिसली तसे आत आले आणि पाटावर बसले. गुडघे कानांशी आले, पण तक्रार नाही. आत्याने पेले भरले. साहेबांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटून घेतले. 

एका घोटात चढली, असं मनाशी म्हणून मी माझा पेला एका दमात रिकामा केला. घशात आग! कान तापले. कपाळाला घाम सुटला. दुसरा पेला घेतला तशी ओसरी किंचित डावीकडे झुकली. तिसऱ्या पेल्यानंतर मला समोर दोन दाविद दिसू लागले. (दोघेही घटाघटा पीत होते आणि दोघांनाही काहीच होत नव्हतं. काय छाती म्हणावी!)

मी उठलो. उठताना खांबाला मिठी मारली आणि खांबाची माफी मागितली.

"अहो, बसा खाली!" सौ. दाराआडून म्हणाली.

"नाही बसणार! चार वर्षं बसलोय! साहेब, आज मी बोलणार. तुम्हाला सगळे बगळा म्हणतात. मीही म्हणतो. आणि तो पंपाचा दाब दाखवणारा काटा गेल्या साली मोडला ना, तो माझ्या कोपराने मोडला. नाव उंदरावर घातलं मी!"

"भाऊसाहेब, आवरा की वं!" दाविद माझं धोतर ओढू लागला.

"सोड मला! साहेब, मी भित्रा आहे. तीनदा तुमच्या दारात आलो आणि पळालो. पण मला कायम करा! पोरगी शाळेत गेलीय, दर उन्हाळ्यात तिचं दप्तर गाडीत चढतं. सासरे नुसती मान हलवतात, साहेब! नुसती मान!" एवढं बोलून मी मटकन खाली बसलो आणि साहेबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडलो.

 मग माझ्या डोक्यावर काहीतरी ओलं पडलं. वर पाहिलं तर साहेबही रडत होते!

"आई," साहेब त्यांच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले. "हमारा आई असा बनवते. सुका फल, लवंग, उकळून. ये शाम को बस येच. दारू नाय. ये शाम को आमच्या घरात एक थेंब दारू नाय! कुलकर्नी, तुला कोन सांगितला?"

माझं रडणं जागच्या जागी थांबलं. "पण साहेब, यात तर व्होडका आहे. अख्खी बाटली!"

साहेबांनी पेला हुंगला. पुन्हा हुंगला. मग घागर हुंगली.

"नाय," ते म्हणाले.

"आत्या!" मी ओरडलो. "बाटलीतल्या पाण्याचं काय केलंस?"

"काय करणार? उकळलं! परमुलखातलं पाणी तसंच पाजू होय पाहुण्याला? दुपारभर ठेवलं होतं चुलीवर. एकदा तर भक्कन पेटलंच, तेव्हा भुवई गेली. मग आटून तळाला गेलं, म्हणून आपल्या विहिरीचं घातलं आणि तेही उकळलं."

साहेबांना आधी कळेना. दाविदने त्यांना हातवारे करून समजावलं, आणि मग तो सहा फुटी माणूस इतका हसला की पाटावरून कलंडला. दाविद हसला. दाराआड सौ. हसली. पोरं कशाला ते न कळता हसली. मी एकटा पाटावर बसून शुद्धीवर येण्याचा प्रयत्न करत होतो, पण शुद्ध गेलीच नव्हती, तर येणार कुठून?

आत्या मात्र हसली नाही. साहेबांच्या डोळ्यांतलं पाणी तिने पाहिलं होतं. सोवळ्याची आत्या ती, त्या माणसाच्या सावलीत उभी राहील असं मला वाटलं नव्हतं. ती पुढे झाली, साहेबांचा पेला पुन्हा भरला आणि म्हणाली, "घे रे बाबा. आई सुखरूप असेल तुझी. बायकापोरंही येतील. पोटभर जेव." साहेबांना शब्द किती कळले कोण जाणे, पण त्यांनी वाकून तिच्या पायाला हात लावला आणि तिने लावू दिला. मग ते साखरभात तीनदा मागून घेऊन जेवले. आत्याने त्या रात्री आंघोळ केली असेल, पण आम्हाला दिसेल अशी केली नाही, याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे.

निघताना साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कुलकर्नी, चार बाबू आला, बोलला, मला ठेवा. तू कधी नाय बोलला. मला वाटला, तुला गावी जायचा असेल, मास्तर व्हायचा असेल. काम तुझा सगळ्यात चांगला. मग नाय बोलला कशाला?"

 मी नेहमीच्या सवयीने "नो, नो" म्हणणार होतो, तेवढ्यात दाराआडून आवाज आला, "येस म्हणा हो!" मी "येस" म्हणालो.

आठवड्याच्या आत हुकूम निघाला. साहेबांच्या बायकापोरांचं पत्र त्यानंतर वर्षभराने आलं, तेव्हा ते दाखवायला साहेब आधी आत्याकडे आले. आज मागे पाहतो तेव्हा वाटतं, एका भुवईच्या मोबदल्यात त्या बाईने एका परक्या माणसाला त्याची आई आणि माझ्या पोरांना बारमाही छप्पर मिळवून दिलं. हे मी तिला कधी धड सांगितलं नाही. दाविदला सांगितलं, तर तो म्हणाला, "आवो, आमाला ठावं हाय की!"

मी पुढे त्याच कारखान्यात केस पिकेपर्यंत नोकरी केली आणि हेडक्लार्क होऊन बाहेर पडलो. पण आजही घरात मला सरबताचा पेला द्यायचा झाला की सौ. आधी खांबाच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहते. नोकरी कायम झाली, खोल्या कायम झाल्या. घरातली माझी पत तेवढी अजून हंगामी आहे.