डोंगराच्या पायथ्याची माणसं

बत्तीस वर्षं बस चालवली, पण गाडीला साधा ओरखडा नाही, म्हणून डेपोत सगळे त्यांना उस्ताद म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा त्यांनी बैठकीच्या खोलीला रंग दिला आणि बायकोला म्हणाले, "इथे बायबलमधलं एखादं मोठं चित्र लावू."

दुकानात तिला मेंढरांचं कुरण आवडलं. उस्तादांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते थांबले सीनाय डोंगराच्या चित्रापुढे, देव लोकांसमोर उतरला त्या डोंगराच्या. ढग फाटलेले, शिखरावर वितळलेल्या सोन्यासारखा उजेड.

"डोळे दिपतात हो," ती म्हणाली.

"म्हणूनच घ्यायचं."

चित्र दारासमोर लावलं, तर म्हणाले इथे काळोख आहे. मग खिडकीशेजारी हलवलं. आठवड्याभरात त्यावर दिवा बसवला आणि भरदुपारीही तो लावून बसू लागले. बायकोच्या मनात पाल चुकचुकली, पण वयाचे चोचले म्हणून तिने सोडून दिलं.

एका रविवारी मेहुणी आली. "भाऊजी, पायथ्याशी केवढी माणसं काढलीत! बायका, पोरं, गाढवंसुद्धा!"

उस्ताद हसले. "माणसं कुठली? नुसता डोंगर आहे."

मेहुणीला थट्टा वाटली. बायकोचा कप ओठांशीच थांबला. सावलीत शेकडो माणसं चालत होती, आणि नवऱ्याला त्यातलं एकही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न सांगता त्यांच्या बसमध्ये चढली. पुढच्याच बाकावर बसली. तिसऱ्या थांब्यानंतर झाडाच्या सावलीतून एक बाई रस्त्यात उतरली. बसचा वेग कमी होईना.

"अहो, बाई!" बायको किंचाळली.

करकचून ब्रेक लागला. बाईच्या हातातली पिशवी बंपरला घासून खाली पडली. बाई वाचली. उस्तादांनी इंजिन बंद केलं. हात मात्र चाकावरून निघेनात.

"डेपोत तुम्ही सांगता की मी सांगू?" बायकोने विचारलं.

"मी सांगतो," ते म्हणाले.

डोळ्यांच्या तपासणीत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधाने टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. पुढे त्यांना चौकशीच्या खिडकीवर बसवलं. पण त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बायकोने विचारलं, "कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. डेपोत डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता मला पाठ होता."

त्या वर्षात त्यांनी एकही रजा घेतली नव्हती, रोज भरलेली बस चालवली होती. ती त्यांच्यापासून थोडी दूर सरकून बसली.