बाकावर बसायला जर्मनीला

मंडळी, आज सकाळी भातकुलीला मामांकडे होतो. त्यांची अमेरिकेत वाढलेली अठरा वर्षांची नात ईशा व्हिडिओ कॉलवर होती. कॉलेजची शिष्यवृत्ती सोडून तिला जर्मनीतल्या फुटबॉल क्लबात जायचंय. आईबापांनी निर्णय मामांवर टाकलेला.

बाजारासाठी वांगी निवडता निवडता मामांनी विचारलं, "खेळाले तरी भेटन का?"

"पहिलं वर्ष बहुतेक राखीव म्हणून बाकावरच, आबा."

"बसाले इतक्या दूर कावून? बाक तं आपल्या राजापेठेच्या स्टँडवरबी हाये!"

"तिथून मैदानात कोणी बोलावत नाही. जर्मनीत बोलावतील, तेव्हा मी तयार असेन."

मामांनी हातातलं वांगं खाली ठेवलं. "मंग जाय, बाई. पण पाय आखडू देऊ नको."

वीस वर्षं मैदानाबाहेर वार्ताहर कक्षात बसून सामन्यांच्या बातम्या लिहिताना मला आसनसिद्धी तेवढी लाभली. घरी येताच अंगणात चार चकरा मारल्या. तुमचे पाय मोकळे आहेत ना?