उज्वलाच्या रंगीत चिठ्ठ्या

उज्वला जगभरच्या निर्वासितांसाठी झटते, असं नातेवाईक सांगत. झटायची म्हणजे नाशिक रोडला, तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली बसून एका परदेशी मदतसंस्थेसाठी छावण्यांचे आराखडे काढायची. तेरा वर्षांत एकही छावणी न पाहता.

आज दुपारच्या बैठकीत तिची सुधारणा मंजूर झाली, तर पुढच्या महिन्यात चार हजार कुटुंबांना तंबू चिठ्ठ्या टाकून मिळणार होते. वशिला नाही, भांडण नाही. आरशासमोर भाषणाची दोनदा तालीम झाली होती, टाळ्यांसाठी मध्ये थांबण्यासकट.

तेवढ्यात घोटीच्या बायडाबाई वर्षाचा तांदूळ घेऊन आल्या. आयता प्रेक्षक. चहा देऊन उज्वलाने त्यांना सगळं ऐकवलं.

“आमचं गाव धरनात गेलं, तव्हा आमालाबी प्लॉट चिठ्ठीनंच दिले,” बायडाबाई म्हणाल्या.

“बघा, किती न्याय्य.”

“हाय की. पन आमची सावडीची सात घरं सात टोकांना गेली.”

“सावडीची म्हणजे?”

“आज तू माझा भात लाव, उद्या मी तुझा लावते. मजुरी नाय. शेजार गेला, सावड मोडली. सून बाळंतपनात अडली तव्हा हाक कुनाला मारू, तेच कळंना.”

“मग साहेबांना सांगायचं ना.”

“इचारलं कुनी? साहेब तुमच्यावानीच व्हते, ताई. लय शिकलेले. चिठ्ठ्याबी रंगीत केल्या व्हत्या.”

उज्वलाच्याही रंगीतच होत्या. रंग निवडण्यात तिचे दोन दिवस गेले होते.

बायडाबाईंचा चहा चालू असतानाच बैठक सुरू झाली. पडद्यावर प्रमुख, मनोज सर.

“सर, चिठ्ठ्या रद्द करू या. कोणाशेजारी राहायचं ते लोकांना विचारून तंबू देऊ.”

“अगं, चिठ्ठ्या तुझ्याच ना? महिनाभर आमचं डोकं खाल्लंस.”

“हो सर. फार मन लावून चूक केली.”

“किती विस्थापितांशी बोललीस?”

“एकीशी.”

“एका बाईवरून योजना फिरवायची?”

उज्वलाने घसा खाकरला. “आधीची शून्यावरून केली होती, सर.”

पडद्यावरचे सगळे एकदम कागद चाळायला लागले. शेवटी सरांनी चिठ्ठ्या थांबवल्या आणि लोकांना विचारायचे प्रश्न संध्याकाळपर्यंत मागितले.

उज्वलाने कोरा कागद ओढला. “बायडाबाई, पहिलं काय विचारू?”

“शेजारी कोन पायजे ते इचारा.” त्यांनी बशीतला चहा संपवला. “आन् कोन नको, तेबी.”