कॉम्प्युटरातली सून

या, असे जवळ सरका. एक डोळा मोबाइलवर ठेवून माझं ऐकायचं असेल तर राहू दे; मी रागात आहे, आणि रागातलं बोलणं अर्धवट ऐकू नये. तर सांगते. हवेचे इतके लाड करणारा आणि माणसांना इतकं विसरणारा गृहस्थ माझ्या व्याह्यांशिवाय अख्ख्या डहाणू-तलासरीत दुसरा सापडायचा नाही.

तलासरीला हायवेलगत त्यांची शेड आहे. मोठ्या हॉटेलांतून, कारखान्यांतून एसीची हवा खेळवायला पत्र्याचे डक्ट लागतात, ते तिथे बनतात. पूर्वी पेन्सिलीने आखायचे. मग मुलाने, म्हणजे माझ्या जावयाने, डिझाइनचं सॉफ्टवेअर आणून दिलं आणि गृहस्थ हातचे गेले. पडद्यावर इमारत उभी करतात, तिच्यातून निळे-तांबडे बाण सोडतात, कुठे डक्ट तुळईवर आपटला की ती जागा लाल होते. मग ताटातलं निवलं तरी उठत नाहीत. खिशात कायम उदबत्ती, कारण हवा कुठे जाते ते तिच्या धुरावरून कळतं. माझ्या सुमनला बघायला सायवनला आमच्या घरी आले तेव्हा आल्या आल्या उदबत्ती पेटवून घरभर फिरले. आम्ही आपले भाविक माणूस म्हणून मागोमाग हात जोडून! लग्नात मंगलाष्टकं चालू असताना वर बघत उभे. मला वाटलं, डोळे भरून आले असतील. तर म्हणतात, "विहीणबाई, गरम हवा मांडवात कोंडलीय बघा."

इथवर हसू येतं. पण या हवेच्या राजाच्या घरी, मागच्या पडवीत, माझी लेक धुरात बसायची. शेडवरच्या माणसांच्या आणि सासऱ्यांच्या तांदळाच्या भाकऱ्या चुलीवरच. गॅसवरची यांच्या घशाखाली उतरत नाही. सुमनचा खोकला वाढत गेला. धूर बंद करा, नाहीतर छाती कायमची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. मी बोलले, तर पडद्यावर चुलीवरचा, धूर ओढून घेणारा हूड दाखवला. "डिझाइन चालू आहे, विहीणबाई." पुन्हा गेले, तरी चालूच. परक्यांची हॉटेलं गार होत होती आणि घरची सून खोकत होती.

शेवटी हूड बसला, चकचकीत, पंख्यासकट. मला कौतुकाने बोलावलं. सुमनने चूल पेटवली, आणि धूर हूडाकडे ढुंकूनही न बघता तिच्या तोंडावरून पडवीभर पसरला.

"असं होणारच नाही," व्याही म्हणाले. "कॉम्प्युटरवर सगळा वर जातो."

व्याह्यांचा मान मी तिथेच गुंडाळून ठेवला. "दाखवा तो कॉम्प्युटर! त्यात माझी मुलगी कुठाय?"

त्यांनी बोट ठेवलं. कमरेएवढ्या ओट्यावर चूल, आणि पुढे हेल्मेट घातलेला उंच बाप्या ताठ उभा!

"सॉफ्टवेअरमध्ये हाच माणूस मिळतो."

"हा थापतो तुमच्या भाकऱ्या? तुमची सून जमिनीवर बसते, रोज तिच्याच हातचं खाता, आणि एवढं दिसलं नाही?"

"आई, पुरे गं," सुमन खोकत म्हणाली.

व्याही पुढे आले. तिला उठवून स्वतः तिच्या पाटावर बसले, लाकूड आत सारलं आणि बसून राहिले. डोळ्यांतून धारा लागल्या, ठसक्यावर ठसका. मी "उठा" म्हटलं नाही. आजही म्हणणार नाही.

मग हूड खाली आला, त्याला बाजूंनी पत्रे लागले. आता धूर सरळ वर जातो. सुमनचा खोकला कमी आहे, गेलेला नाही. म्हणून माझा रागही गेलेला नाही. तरी परवा त्यांच्याकडे गेले, तर पडद्यावर कुठल्याशा हॉटेलचं काम चाललेलं, आणि कोपऱ्यात चुलीशी एक बाई बसलेली. बसलेली बाई सॉफ्टवेअरमध्ये मिळेना म्हणून यांनी डक्टचेच तुकडे जोडून केलेली. धड चौकोनी, गुडघ्यांना वळणाचे दोन बेंड, पदरसुद्धा पत्र्याचा.

"ही हॉटेलात काय करते?" मी विचारलं.

"काही नाही." मान वर न करता म्हणाले, "आता आधी हिला बसवतो, मग हवा सोडतो."

मी राग तसाच ठेवला. चहा मात्र पुरता प्यायले.

तुम्ही या एकदा, लवकर या. तलासरीला हायवेवर उतरा, मीही सायवनहून येते. दारात एक गृहस्थ उदबत्ती घेऊन फिरताना दिसतील, त्यांना हात जोडू नका. सरळ मागच्या पडवीत जा आणि सुमनशेजारी बसा. तिथे आता बसवतं.