करिमाताईंच्या खोलीतला ट्रॅक्टर

सणसरच्या अंगणवाडीतल्या करिमाताईंना मी अठरा वर्षं ओळखते. माझा पहिलीचा वर्ग आणि त्यांची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. पोरं भांडली की मी खेळणं काढून कपाटात ठेवायची. करिमाताई खेळण्याला हातही लावत नसत. पोरांजवळ मांडी घालून बसत आणि आधी कुणी घेतलं हे न विचारता "तुला त्याचं काय करायचं होतं?" एवढंच विचारत. माहेरी भिगवणला मासळीचा व्यापार. लिलावाच्या गलक्यात वाढल्यामुळे की काय, आरडाओरड्याला त्या बिचकत नाहीत. एकदा त्यांनी एकसारखे दोन ट्रॅक्टर आणून पाहिले. पोरं त्यातल्या एकावरच भांडली.

त्यांच्याकडून माझ्या वर्गात आलेली मुलं "माझं झालं की तुला देते" असं आपणहून म्हणत. त्याचं श्रेय मी कितीतरी वर्षं स्वतःकडे घेतलं.

गेल्या डिसेंबरात मी त्यांना भेटायला गेले, तेव्हा छबूबाई आपल्या नातीचं, छकुलीचं, नाव पटावरून कमी करायला आल्या होत्या. आदल्या दिवशी ट्रॅक्टरवरून झालेल्या भांडणात अंगणवाडीतलाच हारिस तिला चावला होता. छकुलीच्या मळ्यातल्या घराजवळ दुसरं लहान मूल नाही.

"एकटी खेळंल, पर हितं न्हाय पाठवायची," छबूबाई म्हणाल्या.

"मावशी, माझंच लक्ष नव्हतं. चुकलं माझं. तासभर बसा, मग तुमची मर्जी. फक्त मधी पडू नका," करिमाताई म्हणाल्या.

छकुली आजीचा पदर सोडून थेट ट्रॅक्टरकडे गेली. पुढून हारिसनं धरला, मागून तिनं ट्रॉली. छबूबाई उठायला लागल्या. करिमाताईंनी त्यांना खुणेनं थांबवलं आणि स्वतः मुलांच्या हातभर अंतरावर जाऊन बसल्या.

"हारिस, काय करायचंय त्याचं?"

"ऊस कारखान्याला न्यायचाय."

"आन् छकुली, तुला?"

छकुलीनं ट्रॉली सोडली आणि दारात पाय पसरून बसली. "मी वजनकाटा हाय. काटा बंद हाय."

हारिस तिच्यासमोर येऊन थांबला. वजन झाल्याशिवाय ऊस उतरत नाही, हे सणसरच्या पोराला सांगावं लागत नाही.

"उघड की!"

"आधी नंबर लाव."

"मी एकटाच हाय!"

"तरी लाव."

"अगं बया," छबूबाईंना हसू आवरेना, "हिचा बा काट्यावर ताटकळून आला की घरी हेच बोंबलतो!"

हारिसनं बराच विचार केला. "वजन कर. मग पुढची खेप तुझी."

"चावशील?"

"न्हाय."

छकुलीनं पाय जवळ घेतले. पुढच्या खेपेला ती ट्रॅक्टरवर होती आणि हारिस दारात पाय पसरून.

"उद्या आणती हिला येळंवर," म्हणत छबूबाई एकट्याच निघाल्या. दारात हारिसनं त्यांना अडवलं.

"थांबा. वजन."

"कर बाबा," त्या म्हणाल्या, "पर आकडा कुणाला सांगू नगंस."

मी करिमाताईंचे आभार मानले, अठरा वर्षांचे एकदम. "मी काय केलं, बाई? बसून तर होते," म्हणत त्या खिचडी वाढायला उठल्या.